९१५चे दुखणे

२००६ साली दुकानातल्या नव्या लॅपटॉपांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर दिसू लागले. व्हिस्टा घराघरांत पोहोचणार होती जानेवारी २००७मध्ये. तोवर गिऱ्हाइकाने खरेदी लांबणीवर टाकू नये, म्हणून हा भरवसा. त्यातल्या कित्येक लॅपटॉपांत इंटेलचा ९१५ चिपसेट होता.

दुखणे तिथेच होते. आधीच्या विंडोज एक्सपीच्या काळात ग्राफिक्स ड्रायव्हरचा बिघाड थेट कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला भिडे आणि निळ्या पडद्यावर अख्खे मशीन थांबे. व्हिस्टाने डब्ल्यूडीडीएम ही नवी मांडणी आणली. ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलबाहेर गेला. चिप अडकलीच, तर पडदा क्षणभर काळा होऊन काम पुन्हा सुरू होई. सुधारणा खरोखर मोलाची होती, पण तिच्यासाठी प्रत्येक चिपचा ड्रायव्हर नव्याने लिहावा लागणार होता. ९१५चा तो कधीच आला नाही. एक्सपीचा जुना ड्रायव्हर बसवून मशीन चाले. ‘एरो’च्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्या मात्र दिसत नसत.

ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर सामूहिक खटला भरला आणि प्रकरण अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या न्यायालयात गेले. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत ई-मेल उघड झाल्या. कंपनीचेच एक वरिष्ठ अधिकारी माइक नॅश यांनी ९१५चा लॅपटॉप स्वतःच्या पैशाने घेतला होता. २१०० डॉलर मोजून आपल्या हाती फक्त ई-मेलचे यंत्र उरले, अशी त्यांची तक्रार होती. घरच्याच माणसाची ही साक्ष पुरेशी बोलकी आहे. तरीही २००९मध्ये न्यायालयाने खटल्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला.

२०१२च्या विंडोज ८ने एक्सपीच्या धाटणीचे ड्रायव्हर घेणेच बंद केले. आता पडद्यावर चित्र उमटे ते ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’च्या आधारावर. व्हिडिओ अडखळे, रिझोल्यूशन जुळत नसे. डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी शोधून पाहावा, तर त्यात ‘८०८६’ हा इंटेलचा आकडा भेटे, ड्रायव्हर नाही. चिपमध्ये बिघाड नव्हताच. तिच्यासाठी लिहिणारे थांबले होते.

लिनक्समध्ये वेगळे घडले. तिथे ड्रायव्हरचा कोड खुला असल्याने कंपनीचे लक्ष उडाले तरी इतरांना तो सांभाळता आला. इंटेलच्या पुढच्या अनेक पिढ्यांच्या ग्राफिक्स चिपा लिनक्सवर ज्या एका ड्रायव्हरने चालवल्या, त्याचे नाव याच चिपसेटवरून पडले आहे: आय९१५.