बेळगावच्या सायकल दुकानातून

तरुण माणूस नोकरीची सरळ वाट सोडून धंद्यात का उतरतो? पैशासाठी, असे आपण चटकन म्हणतो. आपल्याच बेळगावचा इतिहास मात्र निराळे उत्तर देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले; पण डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळेना, म्हणून ते शिक्षण सुटले. यंत्रांची रेखाटने मात्र हाती बसली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. १८८८ साली बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

अपमानाने माणूस नोकरीतून बाहेर पडतो. धंद्यात टिकतो तो लोकांची नड ओळखल्यामुळे. किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरीही बंधूंनी माघार घेतली नाही.

तेवढ्यात शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडलजवळचे ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. उद्योग जन्मला बेळगावात, वाढला मात्र औंध संस्थानात.

आज आमच्या घरांत मुलाने किंवा मुलीने धंद्याचा विषय काढला की “भांडवल कुठून आणणार?” आणि “त्यापेक्षा पुण्याला नोकरी बघ” ही दोन वाक्ये आधी निघतात. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांनी बेळगावचे नाव दूरवर नेले, तरी आमची ही सवय सुटलेली नाही. उमेद आमच्या मुलांत आहेच. दुकान सांभाळणारा रामूअण्णा घरात हवा आणि विश्वासाने जागा देणारे बाळासाहेब गावात हवेत. तेवढे आपण होऊ शकलो, तर पुढचा कारखाना बेळगाव सोडून जाणार नाही.