हवेचें पांघरूण

मोटारसायकल हें चालण्यासाठीं जन्मलेलें यंत्र आहे. चालतांना तें झिजतें, परंतु उभें राहून पुष्कळदां अधिक झिजतें. युरोपांतील दीर्घ हिवाळ्यांत, किंवा कोंकणांतील पावसाळ्याच्या चार महिन्यांत, अशी गाडी कोपऱ्यांत पडून राहते. तिच्यावर ताडपत्री टाकून धनी निश्चिंत होतो, आणि पुढें ती काढतांच चाकांच्या आऱ्यांवरील तांबूस गंज पाहून चकित होतो. ज्यानें रक्षण करावें त्यानेंच घात केला, असा हा प्रकार. त्यावरील एका उपायाचा इतिहास बोधप्रद आहे.

गंजाला पावसाची गरजच नसते. इंग्लंडांतील रसायनज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांच्या १९३० च्या सुमाराच्या प्रयोगांनीं हें स्पष्ट केलें. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० टक्क्यांच्या खालीं असेपर्यंत लोखंड बहुतांशीं स्वस्थ राहतें. ही मर्यादा ओलांडली, आणि हवेंत धुराड्यांतील गंधकाचा वायु मिसळलेला असला, म्हणजे गंज झपाट्यानें पसरतो. मुंबईंत जुलै महिन्यांत आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. शिवाय रात्रीं थंड झालेल्या लोखंडाला सकाळची उबदार, दमट हवा लागली कीं त्यावर दंव जमतें. घट्ट बसलेली ताडपत्री हा ओलावा बाहेर जाऊंच देत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन आरमारानें शेंकडों जहाजें राखीव म्हणून नांगरून ठेवलीं, तेव्हां हेंच ज्ञान उपयोगी पडलें. जहाजांच्या अंतर्भागांत यंत्रांनीं कोरडी हवा फिरवून आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवण्यांत आली. रंगापेक्षां हवेची व्यवस्था अधिक महत्त्वाची, हा त्यांतील धडा होता.

या कथेचा दुसरा धागा इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांच्यापासून निघतो. इंग्लंडांतील अगदीं पहिल्या मोटारगाड्यांपैकीं एक त्यांनीं १८९५-९६ च्या सुमारास बनविली होती. १९१७ सालीं, महायुद्ध चालू असतांना, त्यांनीं रणभूमीवरील इस्पितळांसाठीं खांबांवांचून उभ्या राहणाऱ्या तंबूचें पेटंट मागितलें. आंतील हवेचा दाब बाहेरच्याहून किंचित् अधिक ठेवला म्हणजे कापड आपोआप तोललें जातें. आंतबाहेर करण्यासाठीं दोन दारांची देवडी ठेवली कीं दाब टिकतो. कल्पना बिनचूक होती, परंतु तिला साजेसें कापड त्या काळीं नव्हतें. तंबू उभा राहिला नाहीं. १९४६ सालीं हा प्रतिभावंत पुरुष आजार आणि आर्थिक ओढाताण सोशीत निवर्तला.

पुढें दोनच वर्षांनीं, १९४८ त, अमेरिकेंतील कॉर्नेल विमानविद्या प्रयोगशाळेंत वॉल्टर बर्ड यांनीं सुमारें १५ मीटर व्यासाचा, केवळ हवेनें फुगलेला घुमट उभा केला. रडारच्या अँटेनांना वारा व बर्फ यांपासून वांचवावयाचें होतें, आणि धातूचें छप्पर रेडिओलहरी अडवितें. म्हणून हवेचाच आधार घेणें भाग पडलें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोन धागे एकत्र आले आणि मोटारी व मोटारसायकली यांच्यासाठीं फुगणारीं आवरणें निघालीं. जमिनीवर जाड चादर पसरून तिच्यावर गाडी उभी करतात. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचें आवरण चेननें जोडतात. लहानसा विजेचा पंखा गाळलेली हवा सतत आंत लोटतो. आवरण फुगून गाडीपासून अलग राहतें, म्हणून रंगाला घांसत नाहीं. वाहती हवा लोखंडाचें तपमान आपल्यासारखें ठेवते, म्हणून दंव जमण्यास अवसर उरत नाहीं.

तथापि पंखा हवा हलवितो, सुकवीत नाहीं. बाहेरची हवाच ओलीचिंब असली तर आंतहि तीच येणार. पावसाळी प्रदेशांत ओलावा शोषणाऱ्या यंत्राची जोड दिल्यावांचून या आवरणावर विसंबणें धोक्याचें आहे. वीज गेली कीं कापड खालीं बसतें, आणि पुन्हां जुनी ताडपत्रीच शिल्लक राहते. अर्धवट भरलेल्या पेट्रोलच्या टांकीला आंतून चढणारा गंज तर कोणतेंच आवरण थांबवीत नाहीं.

मोटारी घडविणाऱ्या लँचेस्टर यांनीं हवेचा तंबू जखमी माणसांसाठीं योजिला होता. त्यांच्या हयातींत त्याखालीं कोणी विसावलें नाहीं. आज त्याच तत्त्वाच्या आश्रयाला एखादी जुनी मोटारसायकल पुढच्या ऋतूची वाट पाहत उभी असते.