गोल दिवे आणि मधला शाफ्ट

परवा रात्री सॅन होजेहून मित्राचा फोन. "माझी ९९६ विकून जुनी ९९७ घेतोय. दिवे परत गोल झालेत आणि इंजिनाची कटकटही संपली!" म्हटलं, बाबा रे, जरा थांब. आधी इतिहास ऐक.

पोर्शच्या ९११ चं इंजिन तीसहून अधिक वर्षं हवेवर थंड व्हायचं. १९९७ मध्ये ९९६ आली, पाण्याने थंड होणारं नवं इंजिन घेऊन. त्यात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे पोचवणारा एक मधला शाफ्ट आहे आणि त्याच्या टोकाला सीलबंद बेअरिंग. ते तुटलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खलास! सगळ्यांचं तुटतं असं नाही. पण अमेरिकेत खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली.

२००४ ला ९९७ आली. सुरुवातीच्या काही गाड्यांत जुनंच बेअरिंग होतं, मग मोठं आलं. जास्त टिकाऊ, मान्य. पण गंमत बघा: ९९६ चं बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून बदलता येतं, हे मोठं काढायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. खरा इलाज २००८ मध्ये झाला. नव्या इंजिनात तो शाफ्टच ठेवला नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. व्हर्जन नंबर वाढला म्हणजे बग गेला असं थोडंच असतं!

"एक तर २००८ नंतरची घे," मी म्हटलं, "नाहीतर आहे तीच ठेव. क्लच बदलशील तेव्हा बेअरिंगही बदलून टाक."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "क्लच तसाही बदलायला आलाच आहे रे."