स्वयंसंतुलित विद्युत वाहनांची कायदेशीर स्थिती (महाराष्ट्र)

स्वयंसंतुलित विद्युत वाहन म्हणजे उभ्या माणसाचा तोल आपोआप सांभाळत विजेवर चालणारे एक किंवा दोन चाकांचे वैयक्तिक वाहन होय. सेगवे, हॉव्हरबोर्ड आणि विजेवरची एकचाकी ही त्याची परिचित रूपे आहेत. भारतात या वाहनांसाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे पनवेलसारख्या शहरात ती सार्वजनिक ठिकाणी चालवता येतात का, याचे उत्तर दोन जुन्या कायद्यांत शोधावे लागते. रस्त्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि पदपथासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हे ते कायदे होत. ‘ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर परवाना लागत नाही’ असा जो सर्वसाधारण समज आहे, तो अर्धाच खरा आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन संशोधक डीन केमेन यांनी ३ डिसेंबर २००१ रोजी सेगवे प्रथम लोकांपुढे आणला. झुकाव मोजणारे जायरोस्कोप आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार, अशी त्याची रचना असते. स्वार पुढे झुकला की वाहन पुढे जाते, मागे झुकला की मंदावते. कमाल वेग ताशी सुमारे २० किलोमीटर. २०१५ मध्ये नाइनबॉट या चिनी कंपनीने सेगवे कंपनी विकत घेतली आणि जुलै २०२० मध्ये मूळ सेगवेचे उत्पादन थांबले.

जून २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या किनारपट्टीवरील गस्तीसाठी अशी वाहने दाखल झाली. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्या हस्ते त्यांचा प्रारंभ झाला. पोलीस वापरतात म्हणून नागरिकांनाही मुभा आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

रस्त्यावरील वापर

अधिनियमाच्या कलम २(२८) नुसार रस्त्यावर वापरण्याजोगे, यांत्रिक शक्तीने चालणारे कोणतेही वाहन हे ‘मोटार वाहन’ ठरते. शक्ती इंधनाची की विजेची, याला महत्त्व नाही. ‘वापरण्याजोगे’ म्हणजे त्या वापरास योग्य, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने बोलानी ओअर्स खटल्यात १९७४ मध्ये जुन्या अधिनियमाच्या संदर्भात लावला होता. चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनांना व्याख्येतून सूट आहे. परंतु विजेच्या मोटारीला घन सेंटिमीटरचे माप लागूच होत नाही.

ही उणीव केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) भरून काढतो. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते मोटार वाहन मानले जात नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. शिवाय नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने तसे पडताळून प्रमाणित करावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक संस्था होय. वेष्टनावर छापलेला आकडा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

सेगवे अडतो तो इथेच. वेगाची अट तो पाळतो, पण त्याच्या मोटारींची शक्ती पाव किलोवॅटच्या कितीतरी पुढे जाते. म्हणजे तो मोटार वाहन ठरतो आणि कलम ३ (परवाना), कलम ३९ (नोंदणी) व कलम १४६ (त्रयस्थ व्यक्ती विमा) त्याला लागू होतात. मात्र नोंदणीसाठी आवश्यक ती प्रकारमान्यता नसल्यामुळे मालकाची इच्छा असूनही नोंदणी होत नाही. बंदी घालणारे कलम कुठेच नाही, तरीही रस्ता बंद आहे. कायद्याची ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

अल्पवयीन मुलांच्या हाती असे वाहन देणाऱ्या पालकांनी कलम १९९अ लक्षात ठेवायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार अल्पवयीनाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पदपथावरील वापर

येथे कायदा अधिक स्पष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १०३ नुसार पदपथावर बाबागाडीखेरीज कोणतेही वाहन चालवण्यास किंवा सोडून ठेवण्यास मनाई आहे. त्याच अधिनियमातील ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या इतकी विस्तृत आहे, की तीत सायकल, तीनचाकी सायकल, एवढेच नव्हे तर जलयान आणि विमानही येते. त्यामुळे नियम २(यू) खाली सूट मिळालेले वाहनसुद्धा पदपथावर चढू शकत नाही. ‘मोटार वाहन नाही’ म्हणजे ‘वाहन नाही’ असे नव्हे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्क असल्याचे नमूद केले. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी असलेल्या व्याख्येनुसार ‘अपंगांची गाडी’ ही केवळ दिव्यांग व्यक्तीसाठीच मुद्दाम घडवलेली असावी लागत असे. सर्वांसाठी विकला जाणारा सेगवे त्या व्याख्येत बसत नव्हता.

पनवेल परिसर

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. सिडकोने वसवलेले खारघर, कामोठे, कळंबोली व नवीन पनवेल हे भाग तिच्या हद्दीत येतात. वाहतूक नियमनाचा अधिकार नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहे आणि स्थानिक वाहनांची नोंदणी एमएच-४६ या क्रमांकाखाली होते. कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींनाच मज्जाव असल्याने तेथे या वाहनांचा प्रश्न उद्भवत नाही. खासगी, कुंपणबंद आवाराचे मात्र वेगळे आहे. केवळ अशा आवारात वापरण्यासाठीच बनवलेल्या विशेष वाहनांना कलम २(२८) मध्येच सूट आहे. आवाराचे फाटक ओलांडले की ती सूट संपते.

अपघात आणि भरपाई

विमा नसलेल्या वाहनाने पादचाऱ्यास धडक दिल्यास भरपाई देणारी विमा कंपनीच नसते. जखमीला मालकाकडूनच वसुली करावी लागते आणि मालकाची ऐपत नसल्यास न्यायाधिकरणाचा निवाडाही कागदावरच राहू शकतो. फौजदारी जबाबदारी वाहनाच्या वर्गवारीवर अवलंबून नाही. सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे कोणतेही वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे.

इतर देश

इंग्लंडमध्ये १८३५ च्या महामार्ग कायद्याचे कलम ७२ पदपथावरील वाहनांना मनाई करते. २०११ मध्ये बार्न्स्ली येथे एका सेगवेस्वारास त्याच कलमाखाली दोषी ठरवण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोने २००२ मध्येच पदपथांवर सेगवेला बंदी घातली, तर अमेरिकेतील अनेक राज्यांनी त्याला मुभा देणारे कायदे केले. जर्मनीने २००९ मध्ये स्वतंत्र नियमावली करून विम्याच्या पाटीसह या वाहनांना परवानगी दिली. २०१९ मध्ये तिची जागा विजेवरील लहान वाहनांच्या व्यापक नियमावलीने घेतली.