लाइट कुणाची, राख कुणाची?



चौदा एप्रिलला आपण पुतळ्याला लायटिंग करतो. एकदा माळा चढवताना मी पोरांना विचारलं, ही वीज येते कुठनं? एकजण म्हणाला, खांबावरनं. सगळे हसले, मीबी हसलो. पण खांबामागं इतिहास आहे आणि त्यात आपण आहोत.

1915 साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळातून घाटाखाली सोडायचं, त्याच्या जोरावर चाक फिरवायचं. वर पाऊस, खाली उतार आणि जवळच मुंबईच्या गिरण्या, म्हणून जागा तिथली. मग मुळशीचं धरण आलं. 1921 साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं बुडालीच. 1927 ला भिऱ्याचं वीजघर चालू झालं.

वीज गिरणीत गेली. आपली माणसंही गेली. पण मजुरी जास्त त्या साचेखात्यात अस्पृश्याला मज्जाव! धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ होतो. म्हणजे यंत्र नवं आलं, जात जुनीच राहिली. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं टाकला.

पुढं 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. विजेचा कारभारही त्यांच्याकडंच. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीत त्यांनी मुळाचा सवाल केला: वीज हवी कशासाठी? त्यांचं उत्तर असं की, कारखानदारी वाढवून माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी. म्हणून ती स्वस्त हवी, मुबलक हवी. 1944 ला सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड निघालं. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, असं त्यांनी साफ लिहिलं.

आता चंद्रपूर बघा. कोळसा लांब वाहून नेण्यापेक्षा वीज तारेतून नेणं सोपं, म्हणून 1980 च्या दशकात खाणींशेजारी औष्णिक केंद्र उभं राहिलं. 1999 ला तिथनं मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची लाइन टाकली. वीज तारेवरनं पश्चिमेला जाते. राख मात्र चंद्रपुरातच राहते.

वीजघर कुठं, हे डोंगर आणि कोळसा ठरवतो. वीज कुणाला आणि काय भावानं, हे माणसं ठरवतात. ती ठरवणाऱ्यांत बाबासाहेब होते. आज आपण आहोत का?

येत्या जयंतीला माळ लावायच्या आधी वस्तीतली मीटर नसलेली घरं मोजा. यादी करा. मग ती घेऊन वीज कचेरीत जाऊ.

जयभीम.