एकवीस की बारा?



पहिली-दुसरीतलं मूल 'एकवीस' ऐकतं आणि १२ लिहितं. लगेच आपण म्हणतो, "लक्ष कुठे आहे तुझं?" खरं तर त्याचं लक्ष पूर्ण असतं. मराठीत आपण आधी 'एक' म्हणतो, मग 'वीस'. त्याने ऐकलं तसं लिहिलं. कॉमर्सला आम्हाला शिकवायचे, ताळा जमला नाही आणि फरकाला ९ ने भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली आहे का ते पाहा. २१ आणि १२ मधला फरक ९च! म्हणजे मोठी माणसंही इथे घसरतात.

एककापासून सांगायची ही रीत फार जुनी आहे. सर्वनंदींचा 'लोकविभाग' हा जैन ग्रंथ शके ३८०चा, म्हणजे इ.स. ४५८चा. मूळ प्राकृत ग्रंथ आज मिळत नाही, सिंहसूरींनी केलेलं संस्कृत रूप मिळतं. त्यात १३,१०,७२,००,००० ही संख्या शब्दांत दिली आहे. सुरुवात उजवीकडच्या पाच शून्यांपासून होते, आणि मधल्या रिकाम्या घरासाठी 'अंबर', म्हणजे आकाश, हा शब्द येतो. घर रिकामं असलं तरी त्याला वगळायचं नाही, हा सगळ्यात मोठा शोध! पुढे ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात शून्य अंकात कोरलेलं दिसतं. तिथे देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजचे हार ५० आहेत.

एवढी खोल गोष्ट मुलाला पाटीवर एकदा लिहून कशी कळेल? ती हाताला कळावी लागते. मारिया मॉन्टेसरींनी त्यासाठी मणी घेतले: एक सुटा मणी, दहांची कांडी, शंभरांचा चौकोन, हजाराचा ठोकळा. १९४५ साली ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया वापरून गावातल्या मुलांना शिकवलं.

आपल्या घरीही हे जमेल. झाडूच्या काड्यांचे सारखे तुकडे करा. दोन वाट्या मांडा, उजवीकडे एकक, डावीकडे दशक. रोज एक काडी उजव्या वाटीत टाकायची. दहावी पडली की मुलानेच रबर लावून गठ्ठा बांधायचा आणि डावीकडे ठेवायचा. तुम्ही तयार गठ्ठा दिलात तर त्याच्या लेखी ती नुसती एक जाड काडी! त्याने गठ्ठा सोडून पुन्हा मोजला तर मोजू द्या. उजवी वाटी रिकामी झाली की तिच्यासमोर ० लिहिलेला कागद ठेवा.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा वाद झाला! म्हणा काहीही, मुलाच्या हातात मात्र दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हवी. मग २१ उलटं होत नाही.

पुढच्या वर्षी तिसरी वाटी मांडा, शतकाची. 'एकशे पाच' ऐकून मुलं १००५ लिहितात. त्या वेळी मधल्या रिकाम्या वाटीकडे बोट दाखवा. रागावू मात्र नका. ही रिकामी जागा ओळखायला माणसाला हजारो वर्षं लागली, आपल्या बाळाला दोन महिने लागू देत की!