वाळू, तार आणि सारंगी



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाला शाळेच्या आठवणी हव्या होत्या. मी मात्र लिहितो आहे एका चित्रकाराविषयी, ज्याचा आपल्या माजलगावशी तसा काहीच संबंध नाही. पण त्याच्या चित्रांपर्यंत मी पोचलो तो आपल्या चित्रकलेच्या सरांचं बोट धरून, म्हणून हीसुद्धा शाळेचीच आठवण समजावी.

आठवीत असताना सरांनी एकदा सिंदफणेच्या पात्रातली वाळू घरून चाळून आणायला सांगितली होती. पुठ्ठ्यावर डिंक लावायचा, त्यावर वाळू भुरभुरायची आणि वाळल्यावर रंग द्यायचा. आम्ही हसलो. घरी वडील म्हणाले, "वाळूत खेळायला शाळेत पाठवतो का तुला?" सर एवढंच म्हणाले, "एलिमेंटरीच्या परीक्षेत असलं काही करू नका, मार्क जातील. पण हेही चित्रच आहे, एवढं लक्षात ठेवा." पुढे नोकरीच्या निमित्ताने मुंबईला गेलो, तिथे एका पुस्तकात मोहन सामंत यांची चित्रं पाहिली आणि सरांचं ते वाक्य तीस वर्षांनी कानात वाजलं.

सामंतांचा जन्म 1924 सालचा, मुंबईच्या गोरेगावचा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शंकर पळशीकरांच्या हाताखाली शिकले आणि 1952 मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. सुरुवातीच्या काळात बसोली शैलीची लघुचित्रं आणि जैन पोथ्यांमधली चित्रं त्यांच्या अभ्यासात होती. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी 1947 मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये तेही पुढे सामील झाले. इटली सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते रोमला गेले, नंतर रॉकफेलर फेलोशिपवर 1959 ते 1964 न्यूयॉर्कमध्ये राहिले. 1968 मध्ये ते कायमचे न्यूयॉर्कला गेले आणि 2004 मध्ये तिथेच वारले.

ही झाली तारखांची गोष्ट. खरी गोष्ट आहे साहित्याची. नुसता सपाट रंग सामंतांना पुरेना. त्यांनी रंगात वाळू मिसळली, कॅनव्हासवर प्लास्टर चढवलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचं 1963 सालचं 'ग्रीन स्क्वेअर' हे चित्र आहे. त्यात तैलरंग आहे, कृत्रिम पॉलिमर रंग आहे आणि वाळूही आहे. वाळू घातली की रंगाला खरखरीतपणा येतो, प्रत्येक कणामागे बारीकशी सावली पडते आणि चित्र जुन्या भिंतीसारखं दिसू लागतं. गुहेतली आदिम चित्रं आणि इजिप्तची भित्तिचित्रं त्यांना का जवळची वाटत होती, ते इथे कळतं.

पुढे सत्तरच्या दशकापासून त्यांनी कागदाच्या कापलेल्या आकृत्या आणि तार वापरायला सुरुवात केली. तार वाकवून माणसाची, प्राण्याची बाह्यरेषा करायची आणि ती चित्रावर बसवायची. पेन्सिलीची रेघ कागदाला चिकटून राहते. तारेची रेघ थोडी वर उचललेली असते, त्यामुळे तिची सावली खाली पडते आणि उजेड सरकला की सावलीही सरकते. म्हणजे एकाच आकृतीच्या दोन रेघा, एक पक्की आणि एक हलती.

यासोबत आयुष्यभर चालू राहिली ती सारंगी. शोभेची नव्हे, नेमाने रियाज करून वाजवलेली. सारंगीवर बोट तारेवरून दाबत नाहीत, नखाच्या कडेने तारेला बाजूने भिडवतात. मुख्य तारांखाली तरफांच्या कितीतरी तारा असतात, त्या न छेडता आपोआप झंकारतात. तारेची रेघ आणि तिच्या खालची सावली पाहताना मला हे आठवतं. सामंतांनी तसं कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही, हा माझाच अंदाज.

या पद्धतीला आता 'मिश्र माध्यम' म्हणतात आणि ते काहीतरी परदेशी आहे असा आपला समज असतो. पण आपल्या मराठवाड्याकडे पाहा. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडकावर थेट रंग दिला नाही. आधी माती, वाळू, भाताचं तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि मग कुंचला उचलला. आपल्या आज्या शेणामातीत भुसा कालवून भिंत लिंपायच्या, पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवायच्या आणि वर गेरूची नक्षी काढायच्या. साहित्य आपल्या अंगणातच होतं. त्याला चित्र म्हणायचं धाडस सरांनी केलं.

सामंतांच्या वाट्याला मात्र इथे विस्मरण आलं. गायतोंडेही 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते, पण ते परत आले. सामंत तिकडेच राहिले. हुसेन आणि रझा घरोघरी माहीत झाले, तेव्हा त्यांच्यासोबतीच्या या मराठी माणसाचं नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं होतं? मीही ऐकलं नव्हतं. माणूस नजरेआड झाला की त्याचं कामही नजरेआड होतं.

आपले सर तर माजलगाव सोडून कुठेच गेले नाहीत, तरी तेही नजरेआड झालेच. सामंतांची चित्रं पाहिली तेव्हा त्यांना फोन करावा असं मनात आलं होतं. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. नंतर त्यांच्या जाण्याची बातमीच गटावर वाचली.

मेळाव्यात शाळेसाठी जो निधी जमतो आहे, त्यातून डिजिटल फळा घ्यायचं ठरतं आहे. माझा विरोध नाही. फक्त एक विनंती आहे. त्याच निधीतून चित्रकलेच्या वर्गाला एक लाकडी कपाट द्यावं. त्यात डिंक, पुठ्ठे, तारेचं बंडल, पक्कड आणि रंग असावेत आणि त्याला कुलूप नसावं. वाळू विकत घ्यायची गरज नाही. ती मुलं सिंदफणेवरून आणतील, आम्ही आणली होती तशी.